पिल्लाच्या मांडीतली गाठ कुणाकडून आली? डुकरांमधले आनुवंशिक गुण ओळखायची रीत

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेडात लागोपाठ तीन वेतांतल्या नर पिल्लांच्या मागच्या मांड्यांमध्ये लिंबाएवढी गाठ दिसायला लागली. दाबली की आत जायची, पिल्लू केकाटलं की पुन्हा बाहेर यायची. अंतर्गळ, म्हणजे हर्निया. नेहमीसारखी चीर देऊन असं पिल्लू खच्ची करायला गेलं तर आतडं बाहेर येतं आणि पिल्लू हातातच जातं. माझी पहिली दोन अशीच गेली.

मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाजवळ आमचं शेड. तेव्हा दहा माद्या आणि एक नर होता. गावाने तीन निदानं दिली: बोअरचं पाणी खराब, कुणाची तरी नजर, आणि “नवीन नराचं रक्तच वाईट”. तिसरं निदान अर्धं खरं निघालं. उरलेलं अर्धं शोधायला मला आठ महिने आणि एक दोनशे पानी वही लागली. त्या वहीने जी रीत शिकवली ती इथे क्रमाने लिहितो. जनुकांचा नकाशा हे शास्त्रज्ञांचं काम खरं, पण तो नकाशा ज्या नोंदींवर उभा राहतो त्या शेडातच होतात, आणि त्यातला बराच भाग लॅबशिवाय जमतो.

आधी कामापुरतं शास्त्र

डुकराच्या प्रत्येक पेशीत ३८ गुणसूत्रं असतात: १८ साध्या जोड्या आणि एक लिंग ठरवणारी जोडी. प्रत्येक जोडीतलं एक आईचं, एक बापाचं. गुणसूत्रावर ठरावीक जागी जनुकं बसलेली असतात. प्रथिनं बनवणारी अशी जनुकं डुकरात २१ हजारांच्या आसपास आहेत. टी. जे. टबॅस्को नावाच्या, ड्युरॉक जातीच्या एका डुकरिणीच्या पेशींवरून डुकराच्या डीएनएचा जवळपास सगळा क्रम वाचला गेला आणि २०१२ मध्ये तो जाहीर झाला.

नकाशा म्हणजे काय, ते सोलापूर-पुणे रस्त्यावरून समजून घ्या. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण ही गावं याच क्रमाने येतात. बीजपेशी तयार होताना आईचा आणि बापाचा रस्ता मध्ये कुठेतरी तुटून एकमेकांना जोडला जातो. तुटण्याची जागा मोहोळ आणि भिगवणच्या मध्ये पडण्याचा संभव जास्त, मोहोळ आणि त्याच्या शेजारच्या वस्तीच्या मध्ये फार कमी. म्हणजे दोन गुण पिढ्यानपिढ्या एकत्रच उतरत असतील तर त्यांची जनुकं एकाच रस्त्यावर, जवळजवळ आहेत. शंभरातल्या एका पिल्लात ती जोडी फुटली तर अंतर साधारण एक सेंटिमॉर्गन धरतात. आठ पिल्लांत फुटली तर आठ. सगळा नकाशा या मोजणीवर उभा आहे.

आणि इथे डुकराइतकं सोयीचं जनावर नाही. पंढरपुरी म्हैस वर्ष-दीड वर्षाने एक रेडकू देते. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांत, म्हणजे ११४ दिवसांत, आठ-दहा पिल्लं देते. एक वेत म्हणजेच एक प्रयोग.

कानाची खाच: इथे आळस केला तर पुढचं सगळं वाया

पिल्लू कुणाचं हे जन्मल्यापासून पहिल्या तीन दिवसांत पक्कं करायचं. प्लॅस्टिकचे बिल्ले पडतात, आणि रंगाची खूण तर आठवडाभरही टिकत नाही. कानाच्या कडेला खाच पाडणं सगळ्यात टिकाऊ. उजवा-डावा डुकराचा धरायचा, आपला नाही. यात मीही पहिल्या दोन वेतांत चुकलो.

उजव्या कानावर वेताचा क्रमांक घालायचा. खालच्या कडेला टोकाजवळची खाच म्हणजे १, खालच्याच कडेला डोक्याजवळची ३, वरच्या कडेला टोकाजवळची ९, वरच्या कडेला डोक्याजवळची २७, आणि अगदी टोकावरची ८१. टोक सोडून एका जागी जास्तीत जास्त दोन खाचा. चौदावं वेत असेल तर ९, ३, १, १. डाव्या कानावर याच जागा वापरून पिल्लाचा वेतातला क्रमांक घालायचा; पाचवं पिल्लू म्हणजे ३, १, १. खाच पाडायचा चिमटा बाजारात मिळतो. प्रत्येक पिल्लानंतर तो जंतुनाशकात बुडवा आणि खाचेला आयोडीन लावा.

वहीत एका वेताला एक पान. वर आई, बाप, मेळ घातल्याची तारीख, व्याल्याची तारीख. खाली प्रत्येक पिल्लाची ओळ: खाच, लिंग, रंग, जन्माचं वजन, दोन्ही बाजूंचे सड, दोष, २१ दिवसांचं वजन, सहा महिन्यांचं वजन, शेवट काय झाला. मेलेल्या पिल्लाचीही ओळ हवीच. बहुतेक जण मेलेलं टाकून देतात आणि फक्त जगलेली लिहितात. मग दोष घेऊन जन्मलेली पिल्लंच हिशेबातून गायब होतात आणि कळप कागदावर निरोगी दिसतो.

बापाच्या नोंदीत सगळ्यात जास्त घोळ होतो. मादी माजावर असताना दोन नरांनी मेळ घातला, किंवा गावातलं मोकाट डुक्कर शेडात शिरलं, तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं येऊ शकतात. असं वेत विकायला चालेल, अभ्यासाला चालणार नाही. त्या पानावर तिरकी रेघ मारून पुढे जा.

रंगावर हात बसवा

दोषाकडे वळण्याआधी रंग घ्या, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि त्याचे नियम स्वच्छ आहेत. लार्ज व्हाइट यॉर्कशायरचा पांढरा रंग आठव्या गुणसूत्रावरच्या किट नावाच्या जनुकाच्या बदललेल्या, जास्तीच्या प्रतीमुळे येतो. त्यामुळे रंग तयार करणाऱ्या पेशी कातडीपर्यंत पोचतच नाहीत. हे रूप प्रभावी आहे, एक प्रत असली तरी डुक्कर पांढरं. ड्युरॉकचा तांबडा रंग सहाव्या गुणसूत्रावरच्या वेगळ्या जनुकाचा, आणि तो काळ्यापुढे दबतो.

म्हणून शुद्ध पांढरा नर आपल्या काळ्या देशी मादीवर घातला की सगळी पिल्लं पांढरी. त्यांचा आपसात मेळ घातला (फक्त शिकण्यापुरता, वेगवेगळ्या वेतांतल्यांचा) की चारातलं एक रंगीत. आमच्याकडे एका ओळखीच्याने पांढरी जोडी विकत घेतली. पहिल्याच वेतात दोन काळी पिल्लं आली, आणि विकणाऱ्याने फसवलं म्हणून तो भांडायला निघाला होता. फसवणूक म्हणाल तर एवढीच, की जोडी शुद्ध म्हणून विकली आणि ती निघाली संकरित. काळी पिल्लं मात्र त्याच जोडीची होती.

आता हिशेब कसा तपासायचा ते बघा, पुढे दोषांना हाच उपयोगी पडणार आहे. समजा अशा संकरित जोड्यांपासून ४० पिल्लं झाली, २७ पांढरी आणि १३ रंगीत. अपेक्षा ३० आणि १०. प्रत्येक गटात फरकाचा वर्ग करा आणि अपेक्षेने भागा: ९ भागिले ३० म्हणजे ०.३, ९ भागिले १० म्हणजे ०.९. बेरीज १.२. दोन गट असताना ही बेरीज ३.८४ च्या खाली असेल तर फरक नशिबाचा धरायचा. पण २० पांढरी, २० रंगीत आली असती तर बेरीज १३.३ झाली असती. मग समजायचं की मुळातला समज चुकला. तिथे तीनास एक नव्हे, एकास एक प्रमाण आहे, म्हणजे खरा बाप रंगाच्या दोन्ही प्रती बाळगणारा, रंगीत नर होता आणि वहीतली बापाची नोंदच खोटी आहे. वहीतली चूक पकडायला रंगाइतकं स्वस्त साधन नाही.

खानदानी की खाण्यातलं?

जन्मतः आलेला दोष म्हणजे आनुवंशिक दोष, ही समजूत आधी सोडा. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९३० च्या दशकात फ्रेड हेल या संशोधकाकडे एका ड्युरॉक डुकरिणीला डोळ्यांचे गोळेच नसलेली पिल्लं झाली. सगळं वेत आंधळं. कुणीही म्हटलं असतं, घराण्यातला दोष. पण ती डुकरीण महिनोन् महिने अ जीवनसत्त्व नसलेल्या खाद्यावर होती. त्याच रक्ताच्या जनावरांना अ जीवनसत्त्व मिळाल्यावर डोळस पिल्लं झाली.

सोलापुरात ही गोष्ट लांबची नाही. मार्च ते जून हिरवं काही मिळत नाही. पांढरी ज्वारी, हॉटेलचं उरलेलं आणि कोंडा यांवर गाभण मादी काढली तर अ जीवनसत्त्व कमी पडणारच. मी शेडाच्या सांडपाण्यावर थोडा घास आणि शेवगा लावलाय, त्याचं मुख्य कारण हेच.

मागचे पाय फाकवून पडलेलं पिल्लू हा असाच फसवा दोष. आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे, पण गुळगुळीत फरशी आणि बुरशी लागलेला मका यांचाही आहे. वेताच्या जागी पोती अंथरा, मका बदला, मग बोला. केस नसलेली, गळा सुजलेली, अशक्त पिल्लं दिसली तर आधी आयोडीन तपासा. जन्मतः थरथरणाऱ्या पिल्लांमागे बहुतेकदा विषाणू असतो, अगदी स्वाइन फीव्हरचाही. तिथे वहीत डोकं घालण्याआधी डॉक्टरांना बोलवा.

मी स्वतःला चार प्रश्न विचारतो. एकाच हंगामात वेगवेगळ्या बापांच्या वेतांत दोष आला का? आला असेल तर खाद्य किंवा रोग. दोष अख्ख्या वेताला आहे की काहींनाच? अख्ख्या वेताला असेल तर बहुधा आईचं खाणं किंवा आजार. खाद्य बदलल्यावर त्याच जोडीला पुन्हा तसंच झालं का? आणि दोष असलेल्या पिल्लांचे आजे-पणजे कुठेतरी एक होतात का? शेवटच्या दोनांचं उत्तर हो आलं तरच पुढे सरकायचं.

हर्नियाचा हिशेब

आमच्या वहीत नव्या नराची १२ वेतं जमली. अंडाच्या पिशवीतला हर्निया नरांनाच होतो, म्हणून फक्त नर पिल्लं मोजायची. सगळी मोजली तर प्रमाण उगाच निम्मं दिसतं. नर पिल्लं ५०, हर्निया ९. एरवी हा दोष शंभरात एखाद-दुसऱ्याला दिसतो. म्हणजे काहीतरी बिघडलं होतं, आणि बोट सरळ नराकडे जात होतं.

मग मी तीच ५० पिल्लं आईप्रमाणे वेगळी केली. तांबडी आणि कानी या दोन बहिणींची १८ नर पिल्लं, त्यांत हर्निया ७. बाकी आठ माद्यांची ३२, त्यांत २. आता जुन्या नराचा काळ हवा होता, पण तेव्हा वही नव्हती. बायकोला विचारलं. तिने दोन वर्षांच्या दिनदर्शिका काढून दिल्या. कुठल्या तारखेला कुणाची किती पिल्लं खच्ची केली हे ती कडेला लिहून ठेवायची, गाठीसकट. त्यावरून जुन्या नराचा हिशेब: बहिणींची १३ नर पिल्लं, हर्निया १. बाकीच्यांची ४८, हर्निया एकही नाही.

चार आकडे शेजारी शेजारी ठेवा. जुना नर आणि इतर माद्या, ४८ मध्ये शून्य. जुना नर आणि बहिणी, १३ मध्ये एक. नवा नर आणि इतर माद्या, ३२ मध्ये दोन. नवा नर आणि बहिणी, १८ मध्ये सात. नुसता नर वाईट असता तर त्याच्या सगळ्याच वेतांत सारखं दिसलं असतं. दोष दोन्हीकडून आला होता आणि एकत्र आल्यावर उसळला.

हर्नियासारखे दोष एकाच जनुकाचे नसतात. पुष्कळ जनुकं थोडा थोडा भार टाकतात. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा आम्ही दोन दिवस काठावर बसून पाणी पाहत होतो. पाणी तासातासाला चढत होतं, पण काठ ओलांडेपर्यंत शिवार कोरडंच होतं. शेवटच्या वीतभर पाण्याने शेत बुडालं. हर्नियाचा भार तसाच साठतो. नराकडे थोडा, बहिणींकडे थोडा, दोघंही दिसायला धडधाकट. पिल्लांत दोन्ही भार एकत्र आले आणि काठ ओलांडला.

पण हे असं एकाच जागी कसं जुळलं? चौकशी केल्यावर कळलं की तांबडी-कानीची आई आम्ही जिथून गाभण घेतली होती, तीन वर्षांनी नरही तिथूनच आला होता, आणि तिघांचाही बाप एकच. विकणाऱ्याने सांगितलं होतं, बाहेरचं रक्त आहे. मी विश्वास ठेवला, नोंद मागितली नाही. चूक दोघांची.

रक्ताची जवळीक मोजायला सोपी रीत आहे. पिल्लाच्या बापापासून समान पूर्वजापर्यंत आणि तिथून खाली आईपर्यंत या, वाटेतली जनावरं मोजा, आई-बाप धरून. तितक्या वेळा अर्ध्याने गुणा. आमच्यात वाट होती नर, त्याचा बाप, तांबडी: तीन जनावरं, म्हणजे एक अष्टमांश, साडेबारा टक्के. सख्ख्या भावंडांत अशा दोन वाटा निघतात, म्हणून २५ टक्के. बाप-लेकीच्या वाटेत दोनच जनावरं, तेही २५ टक्के. चुलत-मावस भावंडांत सव्वासहा. साडेबाराच्या पुढचा मेळ मी आता घालत नाही, आणि शक्यतो सव्वासहाच्याही आत राहतो. जवळच्या रक्तात नुसते दोष वर येत नाहीत, वेतातली पिल्लंही घटतात.

दोष एकाच जनुकाचा असेल तर

काही दोष एकाच अप्रभावी जनुकाचे असतात. आई-बाप दोघंही धडधाकट, पण दोघांकडे एकेक दबलेली प्रत. मग चारातलं एक पिल्लू दोषी. अशा वेळी एखादा नर वाहक आहे का हे चाचणीच्या मेळाने कळतं. नराला वाहक ठरलेल्या माद्यांवर घाला. १७ पिल्लांत एकही दोषी नाही निघालं तर नर स्वच्छ असण्याची खात्री ९९ टक्क्यांच्या वर. हे येतं कुठून? नर वाहक असेल तर प्रत्येक पिल्लू चांगलं निघण्याचा संभव पाऊण, आणि पाऊण १७ वेळा गुणलं की शंभरातल्या एकाहून कमी उरतो. वाहक माद्या माहीत नसतील तर नराच्या स्वतःच्या आठ लेकींवर तो घालून प्रत्येकीची आठ पिल्लं पाहावी लागतात. सगळे छुपे दोष त्यात उघडे पडतात, पण खर्च मोठा आणि पिल्लं जवळच्या रक्ताची. लहान शेडाने या फंदात पडू नये. वाहक असल्याचा संशय आला तर नर बदलणं स्वस्त.

हर्नियाला ही १७ ची रीत लावू नका. भार अनेक जनुकांचा असेल तर ते गणितच लागू होत नाही.

नकाशा कामाला कसा येतो

स्वीडनमध्ये उप्साला इथे लीफ अँडरसन यांच्या गटाने दोन रानडुक्कर नर आठ लार्ज व्हाइट माद्यांवर घातले, त्यांच्या पिल्लांचा आपसात मेळ घातला आणि २०० नातवंडांची चरबी, वाढ, आतड्याची लांबी मोजली. शिवाय प्रत्येकाच्या गुणसूत्रांवर ठिकठिकाणच्या खुणा वाचल्या. चरबीचा मोठा भार चौथ्या गुणसूत्रावर सापडला. हे १९९४ मध्ये छापून आलं. कानाला खाच, बापाची नोंद, वजन या तीन गोष्टी पक्क्या असलेली दोनशे पिल्लं होती म्हणून ते जमलं. आपल्याकडच्या पाच-सहा शेडांनी सारखी वही ठेवली तर दोनशे पिल्लं वर्षभरात होतात.

आजवर सापडलेल्या जनुकांपैकी आपल्याला उपयोगाची थोडकी सांगतो.

सहाव्या गुणसूत्रावरचं आरवायआर-१, बोलीत हॅलोथेन जनुक. १९९१ मध्ये त्यातला नेमका बदल सापडला; एका अक्षराच्या फरकाने त्याच्या प्रथिनाच्या साखळीत ६१५ व्या जागी आर्जिनिन या घटकाऐवजी सिस्टीन येतं. ज्याच्याकडे दोन्ही प्रती बदललेल्या, ते डुक्कर ताणाखाली कोसळतं: शेपटी थरथरते, अंग ताठतं, कातडीवर लाल-पांढरे चट्टे, ताप ४२ अंशांपर्यंत, आणि मरण. मांस फिकट, मऊ, पाणी सुटणारं निघतं. पिएत्रें जातीत हे फार होतं, काही लँडरेसमध्येही. मे महिन्यात, ४३ अंशांच्या उन्हात, टेम्पोत भरून डुकरं नेताना एक-दोन मरतात तेव्हा आपण ऊन म्हणून सोडून देतो. ऊन असतंच, डुकराला नीट घामही येत नाही. पण पहाटे गारव्यात नेतानाही एकाच नराची पिल्लं पुन्हा पुन्हा मरत असतील तर त्या नराची चाचणी करून घ्या. पूर्वी त्यासाठी पिल्लांना हॅलोथेन हे भुलीचं औषध हुंगवून पाय ताठतात का ते पाहत. आता केसाच्या मुळावर भागतं, आणि एकच बदललेली प्रत असलेला वाहकही पकडला जातो, जो हुंगवून सहसा सापडत नसे.

दुसऱ्या गुणसूत्रावरचं आयजीएफ-२ मला सगळ्यात गमतीचं वाटतं. मांस वाढवणारा, चरबी कमी करणारा त्याचा बदल २००३ मध्ये नेमका सापडला. यात फक्त बापाकडून आलेली प्रत बोलते, आईकडची गप्प बसते. म्हणजे नराकडे चांगल्या दोन प्रती असल्या की मादी कशीही असो, पिल्लं मांसल. आणि माद्या चरबी धरून राहिल्या तरी चालतं. दूध पाजताना ती चरबीच त्यांना तारते.

एफयूटी-१ हेही सहाव्यावरच. त्याचं एक रूप दोन्हीकडून मिळालेल्या पिल्लाच्या आतड्याला एका जातीचे ई. कोलाय जंतू चिकटू शकत नाहीत. दूध तोडल्यानंतरची हगवण आणि सूज त्यामुळे टळते. चौथं, एमसी-४-आर, पहिल्या गुणसूत्रावर: एक रूप जास्त खातं, लवकर वाढतं, पण चरबी धरतं. कुठलं चांगलं ते तुमचा व्यापारी कशाचे पैसे देतो त्यावर.

नमुना

पाठीवरचे किंवा शेपटीजवळचे २०-३० केस मुळासकट उपटा. कात्रीने कापलेले चालत नाहीत, कारण पेशी मुळाशी असतात. कोरडे केस कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. पाकिटावर खाच क्रमांक, लिंग, तारीख. एका जनावरानंतर हात पुसा, नाहीतर दोघांचे केस मिसळतात. रक्त द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून जांभळ्या झाकणाच्या नळीत, गार पेटीतून.

कुठे पाठवायचं ते आधी विचारून घ्या. आपल्याला जवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय शिरवळचं. गुवाहाटीजवळ राणी इथे राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र आहे, आणि जातींच्या नोंदणीचं राष्ट्रीय काम कर्नालला चालतं. ही मंडळी शेतकऱ्याच्या प्रत्येक नमुन्याची चाचणी करून देतील असं गृहीत धरू नका, पण कुठली चाचणी कुठे होते हे सांगणारा माणूस तिथे भेटतो. आणि सगळ्या कळपाची चाचणी करण्यात अर्थ नाही. वर्षाला शंभर पिल्लं ज्याच्या नावावर लागतात त्या नराची करा.

नर निवडताना

सहा महिन्यांचं वजन, चरबी, अंगाची लांबी हे गुण बऱ्यापैकी उतरतात. वाढीच्या बाबतीत हे उतरण्याचं प्रमाण साधारण ३० टक्के धरा. कळपाचं सरासरी वजन ६० किलो आणि निवडलेले आई-बाप सरासरी ७० चे, तर फरक १० किलोंचा, त्यातले तीनच पुढच्या पिढीत येतील. वेतातली पिल्लांची संख्या मात्र दहा टक्क्यांच्या आसपासच उतरते, म्हणून चौदा पिल्लं देणाऱ्या मादीची लेक चौदा देईलच असं नाही. तिथे संकराचा जोम, म्हणजे वेगळ्या जातींच्या मेळातून पिल्लांत येणारी जास्तीची ताकद, कामाला येतो. राणी केंद्राने हॅम्पशायर आणि बंगालच्या घुंगरू जातीचा संकर केला, त्यामागे हाच विचार.

सड दोन्ही बाजूंना सहा-सहा तरी हवेत, आणि आत वळलेला एकही नको. हा दोष उतरतो, आणि नराचेही सड मोजायचे असतात. लेकींना ते त्याच्याकडूनही मिळतात. अंड एकच उतरलेला नर, किंवा ज्याच्या सख्ख्या भावाला हर्निया झाला असा नर, कितीही देखणा असला तरी नको.

नराची पहिली लेक त्याच्या पहिल्या मेळानंतर साधारण वर्षाने माजावर घालायजोगी होते. म्हणजे दीड-दोन वर्षांनी नर बदलायचा असेल तर मधल्या काळात त्याच्या लेकी वेगळ्या खणात हव्यात. दोन-तीन शेडांनी आपसात नर फिरवला तर खर्च वाचतो, पण आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० पासून देशात आहे. येणारा नर महिनाभर वेगळा ठेवा, त्याच्या खणातली पाटी-बादलीही वेगळी.

आमचा तो नर मी कसायाला दिला. पैदाशीसाठी मागणारे दोघं आले होते, त्यांना वहीचं पान दाखवलं. तांबडी आणि कानी ठेवल्या, पण दुसऱ्या रक्ताच्या नराखाली. त्यांची लेक मात्र एकही ठेवली नाही. गेल्या महिन्यात तांबडी व्याली. नऊ पिल्लं, पाच नर, गाठ एकालाही नाही. पाच पिल्लांवरून काही ठरत नाही, म्हणून त्या पानावर शेऱ्याची जागा अजून कोरी आहे.